विश्वाचे सस्पेन्स खाते

आमच्या घरच्या हिशेबाच्या वहीत 'किरकोळ' नावाचा एक रकाना आहे. दूध, भाजी, किराणा, वीज, मुलीची फी हे बाकीचे रकाने आपापल्या जागी सभ्यपणे बसलेले असतात. महिनाअखेरीला मी, म्हणजे रीतसर बी. कॉम. झालेला आणि वीसेक वर्षे बँकेत लोकांचे पैसे मोजून पोट भरणारा मनुष्य, बेरीज मारतो आणि ती चुकते. मग जो काही फरक येईल तो मी 'किरकोळ'मध्ये टाकतो, खाली दोन रेघा ओढतो आणि शांतपणे झोपतो. हल्ली भाजीवालीसुद्धा पैसे मोबाइलवर घेते, तरी फरक येतोच. यंत्रे सुधारली, माणूस आहे तिथेच आहे.

२०२५ सालच्या मार्चअखेरीस मी असाच वही घेऊन बसलो असताना नववीतल्या आमच्या कन्येने विचारले, "बाबा, विश्वात डार्क एनर्जी किती टक्के आहे सांगा."

"ती काय असते?"

"ते कोणालाच माहीत नाही. पण ६८ टक्के आहे."

मी पेन खाली ठेवले. "बरं. आणि उरलेलं?"

"२७ टक्के डार्क मॅटर."

"ते काय असतं?"

"तेही कोणाला माहीत नाही."

"मग माहीत आहे ते किती?"

"५ टक्के. त्यात सूर्य, चंद्र, सगळे तारे, तुम्ही, मी, आई, सगळे आलो."

आतून कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून सौभाग्यवती म्हणाल्या, "बघा! आणि मला मागच्या महिन्यात तीनशे रुपये कुठे गेले ते आठवेना, तर केवढं बोललात!"

शंभरातले पंचाण्णव रुपये 'किरकोळ'मध्ये टाकून ताळेबंदावर सही करणारी ही मंडळी आहेत तरी कोण, ते बघायचेच, असे मी ठरवले. पुस्तके आणली, डोळे ताणले, झेपले तेवढे वाचले. आणि लक्षात आले, की अहो, ही तर आपलीच माणसे! म्हणजे कारकून.

खरेच सांगतो. विश्व मोजण्याची पहिली खात्रीची फूटपट्टी अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेतल्या एका बाईंनी तयार केली. त्यांचे नाव हेन्रिएटा लेव्हिट. त्यांना दुर्बिणीजवळ बसवलेले नव्हते. दुर्बिणीने काढलेल्या फोटोंच्या काचा समोर घ्यायच्या आणि कोणता ठिपका आज किती उजळ, परवा किती, याच्या नोंदी वहीत करायच्या, हे त्यांचे काम. पगार तासाला ३० सेंट. १९१२ साली त्यांनी २५ ताऱ्यांचा तक्ता मांडून दाखवला, की सेफीड नावाचे जे तारे ठरावीक वेळाने उजळतात आणि मंदावतात, त्यांच्यात जो मुळात जास्त तेजस्वी, त्याची फेरी जास्त दिवसांची. म्हणजे फेरीचे दिवस मोजा, की दिव्यावर किती वॅट लिहिले आहे ते कळले. आणि वॅट कळल्यावर तो डोळ्यांना किती मिणमिणता दिसतो यावरून तो किती लांब, हे तर कोणीही काढील. लेव्हिटबाई १९२१ साली गेल्या. १९२५ मध्ये स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवायचे ठरवून चौकशी केली, तेव्हा त्याला कळले की बाई हयात नाहीत. प्रमोशनची ऑर्डर निवृत्तीनंतर येते हे आमच्याकडे ऐकून होतो. इथे तर ती त्याच्याही पुढे गेली.

ही फूटपट्टी घेऊन एडविन हबल यांनी १९२३ साली देवयानीच्या तेजोमेघात एक सेफीड शोधला आणि तो मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे हे दाखवले. पुढे १९२९ मध्ये त्यांनी आणखी सांगितले, की या दीर्घिका आपल्यापासून दूर चालल्या आहेत आणि जी जितकी लांब, तिचा वेग तितका जास्त. या कामात त्यांचे सहकारी होते मिल्टन ह्युमसन. हे गृहस्थ चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्याच डोंगरावर खेचरे हाकत होते, मग वेधशाळेत झाडलोट करू लागले आणि अखेर दीर्घिकांचे वेग मोजण्यात त्यांचा हात धरणारा कोणी उरला नाही. कारकून झाले, आता शिपाईही आले. ऑफिस पुरे झाले.

सगळे आपल्यापासूनच का दूर पळतात, आपले काही चुकले काय, अशी शंका मला आली. मुलीने पोळपाटावरचा पापड दाखवला. लाटताना त्यातल्या प्रत्येक मिऱ्याला वाटते, की बाकीची मिरी आपल्यालाच सोडून चालली. चालत कोणीच नसते. पापड मोठा होत असतो. आणि या पसरत्या पापडातून प्रकाशाचा किरण प्रवास करतो, तेव्हा त्याची लहरही ताणली जाऊन लालसर होते. किती ताणली यावरून तो निघाल्यापासून विश्व किती पसरले ते कळते. किती मिणमिणता दिसतो यावरून तो कधी निघाला ते कळते. म्हणजे एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला शिल्लक. हे तर पासबुक झाले! लांबचे तारे म्हणजे जुन्या एंट्र्या, जवळचे म्हणजे ताज्या. विश्वाच्या प्रसरणाचा इतिहास मोजायचा म्हणजे हे पासबुक भरून घ्यायचे, एवढेच.

या पासबुकातल्या व्याजदराला हबलचा स्थिरांक म्हणतात. सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षे अंतर वाढले, की वेग सेकंदाला किती किलोमीटरनी वाढतो, तो आकडा. हबल यांनी तो ५०० च्या आसपास काढला होता. त्यावरून विश्वाचे वय निघाले सुमारे २०० कोटी वर्षे. पंचाईत अशी, की पृथ्वीवरचे दगडच त्याहून म्हातारे निघाले. आईपेक्षा मुलगा वडील! मग १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी सांगितले, की सेफीड दोन जातींचे असतात आणि दोन जातींचे दिवे एकाच वॅटचे धरले गेले होते. फूटपट्टी दुरुस्त झाली, अंतरे दुप्पट झाली आणि वडीलधाऱ्यांचा मान राहिला.

या सगळ्याआधी एक भानगड होऊन गेली होती. १९१७ साली आईन्स्टाइननी आपली समीकरणे विश्वाला लावली, तर विश्व एका जागी ठरेना. त्या काळी तर सगळ्यांची खात्री, की विश्व स्थिर आहे. तेव्हा त्यांनी समीकरणात लॅम्डा नावाचे एक जादा पद घातले आणि विश्वाला जागच्या जागी उभे केले. थोडक्यात, ताळेबंद जुळवला. पुढे १९२७ मध्ये बेल्जियमचे धर्मगुरू लमेत्र यांनी आणि १९२९ मध्ये हबलनी प्रसरण दाखवल्यावर १९३१ साली आईन्स्टाइननी ती एंट्री रद्द केली.

हे वाचले आणि मला माझे २७० रुपये आठवले.

नोकरीला लागून पुरते वर्षही झाले नव्हते. तालुक्याच्या गावची शाखा, मी कॅशवर, संध्याकाळ झालेली आणि रोकड २७० रुपयांनी कमी. दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मोजली. सात वाजता शेवटची एस. टी. होती. मी इकडेतिकडे पाहिले, खिशातून २७० रुपये काढले, गल्ल्यात ठेवले आणि जाहीर केले, "जुळली!" हेडकॅशियरनी पाठ थोपटली. एस. टी. मिळाली. खिडकीशी बसून मला स्वतःच्या त्यागाचे कौतुक वाटत होते.

दहा दिवसांनी एक निवृत्त गुरुजी काउंटरवर आले. काखेत छत्री, हातात पासबुक. "अहो साहेब, माझ्या खात्यात २७० रुपये जास्त पडलेत. मी भरले ३६०, इथे छापलेत ६३०."

मी गार पडलो. पण हेडकॅशियरनी त्या दिवसाचे रजिस्टर काढले आणि ठणकावून सांगितले, "शक्यच नाही, गुरुजी. त्या दिवशीची कॅश पैसा न् पैसा जुळलेली आहे. तुम्ही ६३०च भरले असतील. वयोमानाप्रमाणे विसरलात."

गुरुजी काही बोलले नाहीत. नुसते पासबुकाकडे पाहत राहिले. चाळीस वर्षे मुलांना बेरजा शिकवलेला तो माणूस, बिचारा, आपण खरेच विसरलो की काय, अशा मुद्रेने जिना उतरला. आणि त्या दिवसाचे आमचे रजिस्टर सुवाच्य अक्षरात, दोन सह्यांनिशी, खोटे बोलत होते. माझ्या २७० रुपयांनी फरक मिटला नव्हता. फरक सांगायला येणारा माणूस तेवढा खोटा ठरला होता.

रात्री वडिलांना सांगितले. तेही बँकेतलेच, लेजरच्या जमान्यातले. ते म्हणाले, "अरे, फरकाला ९ने भाग जातो का, एवढं तरी बघायचंस! जात असेल तर आकड्यांची अदलाबदल. २ने जात असेल तर निम्मी रक्कम भलत्या बाजूला पडलेली असू शकते. आणि काहीच सापडलं नाही, तर सस्पेन्स खातं कशाला असतं? मला कळत नाही, हे सरळ लिहून ठेवायला."

दुसऱ्या दिवशी मी कबुली दिली. मेमो मिळाला. गुरुजींचे घर शोधून त्यांची माफीही मागितली. ते म्हणाले, "पैशांचं काही नव्हतं हो. माझी बेरीज चुकत नाही, एवढंच होतं."

आता १९९८ सालाकडे येतो. ते वर्ष या पार्श्वभूमीवर पाहिले तर मला त्या शास्त्रज्ञांना नमस्कार करावासा वाटतो.

सेफीड फार लांबचे दिसत नाहीत. लांबच्या एंट्र्यांसाठी मोठा दिवा हवा. तो मिळाला एका जातीच्या ताऱ्यांच्या स्फोटांत. श्वेतबटू नावाचा थकलेला तारा शेजाऱ्याकडून माल ओढून घेतो आणि सूर्याच्या सुमारे १.४ पट वजनाच्या मर्यादेजवळ आला की फुटतो, असे त्याचे एक चित्र आहे. ही मर्यादा चंद्रशेखर यांची. १९३० साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला जाताना वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी तिचे गणित मांडले. नोबेल मिळाले १९८३ मध्ये. (इथे ऑर्डर निदान हातात पडली.) फुटणारे सगळे साधारण एकाच मर्यादेजवळचे, म्हणून लखलखाटही साधारण सारखा, थोडा फरक असतो, तो लखलखाट किती दिवसांत ओसरतो हे पाहून दुरुस्त करता येतो. पण एका दीर्घिकेत असा स्फोट फार क्वचित. तो कुठे होणार हे कोण सांगणार? तेव्हा त्यांनी युक्ती केली. अमावस्येच्या सुमारास हजारो दीर्घिकांचे फोटो घ्यायचे, तीन आठवड्यांनी त्याच जागेचे पुन्हा घ्यायचे आणि दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. बाकी उरेल तो स्फोट. शेवटी वजाबाकीच!

सॉल पर्लमटर यांचा एक गट, ब्रायन श्मिट आणि अॅडम रीस यांचा दुसरा. दोघांना एकच काढायचे होते, की गुरुत्वाकर्षणामुळे प्रसरणाचा वेग मंदावतो आहे तो किती. उत्तर आले उलटे. लांबचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद दिसले, म्हणजे जास्त लांब होते, म्हणजे वेग मंदावत नसून वाढतो आहे. रीस यांच्या गणितात तर विश्वाचे वस्तुमान चक्क उणे आले. चेंडू वर फेकावा आणि त्याने खाली यायच्या ऐवजी जास्त जोराने वर जावे, तसे हे झाले.

इथे खिशातून २७० रुपये काढण्याचा मोह कोणाला झाला नसता? शेवटची एस. टी. त्यांनाही असेलच. पण दोन्ही गटांनी आपलीच चूक शोधायला सुरुवात केली. मध्ये धूळ आली काय? जुने स्फोट वेगळे असतात काय? काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी फरक जसा होता तसा जगासमोर ठेवला. आईन्स्टाइनची रद्द झालेली एंट्री ६७ वर्षांनी पुन्हा उघडली आणि त्या खात्याला नाव पडले डार्क एनर्जी. २०११ साली तिघांना नोबेल मिळाले.

हिला मराठीत कृष्ण ऊर्जा म्हणतात, ते मला फार पटले. शिंक्यावरचे लोणी नाहीसे झाले, की आपण पहिल्यापासून ते कृष्णाच्याच नावावर टाकत आलो आहोत.

ही ऊर्जा वागते कशी, ते स्वयंपाकघरात कळले. पाहुणे वाढले की आमटीत पाणी ओततात आणि डाळ पातळ होते. विश्व पसरले तशी पदार्थाची डाळ पातळ होत गेली आणि गुरुत्वाकर्षणाची पकड सैल पडली. पण डार्क एनर्जीचे तिखट असे विलक्षण, की कितीही पाणी ओता, घोटाघोटाला तेवढेच. जागा वाढली की तिच्याबरोबर तेही वाढते. म्हणून १३८० कोटी वर्षांच्या या संसारात पाच-सहाशे कोटी वर्षांपूर्वी तिचे पारडे जड झाले. रिकाम्या जागेवर व्याज, त्या व्याजाची पुन्हा रिकामी जागा, तिच्यावर पुन्हा व्याज. चक्रवाढ! घनमीटरभर जागेत ती किती? हायड्रोजनच्या तीन-चार अणूंच्या वजनाइतकी. थेंबे थेंबे तळे साचते ते असे. आणि रिकाम्या जागेची ऊर्जा किती असावी हे सिद्धांताने काढायला जावे, तर उत्तर सरळ हिशेबाने सुमारे एकावर १२० शून्ये इतक्या पटीने मोठे येते. हा चेक अक्षरी लिहायला मी तरी तयार नाही.

त्यातून दुसरा एक फरक अजून उघडाच आहे. प्लांक उपग्रहाने विश्वाच्या बालपणीचा, म्हणजे ३ लाख ८० हजार वर्षांच्या वयाचा प्रकाश मोजला. त्या आरंभीच्या शिलकेवरून लेजर पुढे ओढत आणले, तर आजचा व्याजदर येतो ६७.४, हा निकाल २०१८ चा. उलट रीस यांच्या गटाने आज गल्ल्यात असलेली रोकड मोजली, म्हणजे सेफीड आणि स्फोट वापरले, तर २०२२ मध्ये आले ७३. वेब दुर्बिणीने सेफीड पुन्हा तपासले, ते बरोबर निघाले. आणखी एका गटाचे उत्तर मधोमध, सत्तरच्या आसपास. मी वडिलांचा नियम लावून पाहिला. फरक जवळजवळ ६. नऊने भाग जात नाही, तेव्हा अदलाबदल नाही. ६७ च्या जागी ७६ असते तर मी आज तुम्हाला स्वीडनहून लिहिले असते. दोनने भाग जातो, तेव्हा तीनची एखादी रक्कम भलत्या बाजूला पडली आहे काय, ते कोणीतरी बघावे.

आणि त्या मार्चमध्ये मुलीने प्रश्न विचारला होता तो का, तेही कळले. अमेरिकेत अॅरिझोनातल्या किट पीक डोंगरावर डेसी नावाचे यंत्र आहे. ते एका वेळी ५००० दीर्घिकांचा प्रकाश पकडते. विश्वाच्या बालपणी गरम वायूत उठलेल्या तरंगांचा ठसा दीर्घिकांच्या वाटपात राहिला आहे. त्याची लांबी आज सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षे. ही दुसरी फूटपट्टी. तिने सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार मोजून त्यांनी १९ मार्च २०२५ रोजी जाहीर केले, की इतर मोजमापांशी सांगड घातली तर डार्क एनर्जीचे तिखट कमी होत चालले असावे. असावे! त्यांच्याकडे खात्रीचे माप ५ सिग्मा, म्हणजे निव्वळ योगायोगाने असे दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. यांचे आले २.८ ते ४.२. म्हणून 'सापडले' हा शब्द त्यांनी वापरलेला नाही. पासिंग ऑफिसरनी व्हाउचर हातात धरून ठेवले आहे.

अशा वेळी आपले जयंत नारळीकर आठवतात. फ्रेड हॉयल यांच्याबरोबर त्यांनी वेगळा ताळेबंद मांडला होता आणि बहुमताच्या ताळेबंदावर ते शेवटपर्यंत शंका काढत राहिले. २० मे २०२५ रोजी ते गेले. बहुतेकांचा कौल त्यांच्या बाजूने नव्हता. पण सगळे 'जुळली' म्हणत असताना 'पुन्हा मोजा' म्हणणारा एक माणूस शाखेत लागतोच. तो आमच्या शाखेत त्या संध्याकाळी असता, तर गुरुजींचा एक हेलपाटा वाचला असता.

हे सगळे वाचून झाल्यावर महिनाअखेर आली. बेरीज मारली. फरक १४० रुपये. हात सवयीने 'किरकोळ'कडे गेला, पण गुरुजींची मुद्रा आठवली आणि मी थांबलो. नवा रकाना आखला आणि प्रामाणिकपणे लिहिले : 'डार्क एनर्जी, रु. १४०, कारण अज्ञात.'

सौभाग्यवतींनी चहा ठेवता ठेवता वहीत डोकावले.

"कारण अज्ञात काय! परवा स्टेशनजवळ मित्राबरोबर मिसळ खाल्लीत ना? शर्टावर तर्रीचा डाग होता."

मी मुकाट्याने खोडले. आमच्या घरातले सस्पेन्स खाते एका डागावर मिटले. विश्वाच्या शर्टावरही तसा एखादा डाग असेल. तो ओळखणारी नजर मात्र त्याला अजून मिळायची आहे.